नुसतं बोट दाखवलं

परदेशातल्या नोकरीचा पहिला दिवस. दोन बस बदलून कारखान्यात पोचलो, दुपारपर्यंत पोटात कावळे ओरडायला लागले आणि तिथल्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. कॅन्टीनच्या खिडकीत कोपऱ्यातल्या एका उघड्या डब्यात हिरवट, उकडलेली भाजी दिसली. मी नुसतं बोट दाखवलं. आचाऱ्याचा चेहरा असा काही उजळला, की काय सांगू!

तेव्हापासून मी दिसलो रे दिसलो, की तो तीच भाजी माझ्या ताटात ओतायचा. ना मीठ, ना तिखट. वर्षभरात मला भाषा आली, पण तोवर नको म्हणायची वेळ निघून गेली होती.

"अहो, सरळ सांगा ना, आवडत नाही म्हणून!" बायको फोनवर करवादायची.

"अगं, इतक्या प्रेमानं वाढतो. मन मोडेल बिचाऱ्याचं."

अकरा वर्षं अशी काढली. शेजारी बसून सगळे चमचमीत हाणायचे आणि मी गुमान तो पाला गिळायचो.

नोकरी संपवून निघालो, त्या दिवशी आचाऱ्यानं शेवटचं ताट वाढलं आणि मला मिठी मारून तो ढसाढसा रडला. मलाही भरून आलं. म्हटलं, "अरे, रडतोस काय वेड्यासारखा? येईन की भेटायला."



"तुझं ठीक आहे रे," तो डोळे पुसत म्हणाला, "उद्यापासून माझ्या बायकोनं दिलेला डबा मलाच खावा लागणार!"