सत्यशीलाचा तिसरा प्रोग्राम

कम्प्युटर बोलायला लागला आणि साहेब मान डोलवू लागले. "कुव्झ एफ्लाक, झुटी वेर्क," स्पीकर म्हणत होता. साहेब पुण्याचे. सिरोंच्यात येऊन वर्ष झालं तरी इथली तेलुगू येत नाही, हे चारचौघांत कबूल कोण करणार? हेडक्लार्क मल्लय्यांना वाटलं, ही गोंडी. शिपाई लालसू घरी गोंडीच बोलायचा. त्याला वाटलं, ही साहेबलोकांची इंग्रजी. तिघांनाही प्रोग्राम पसंत पडला.

पसंत नव्हता तो फक्त सत्यशीला रामटेकेला, आणि टायपिंग तिलाच करायचं होतं. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. कम्प्युटर वाचून दाखवेल तरच तिचं काम चालणार होतं. आज प्रोग्राम ठरला नाही, तर टायपिस्टची जागा दुसऱ्याला जाणार आणि ती पुन्हा फोनजवळच्या स्टुलावर. तिथे हॅलो हॅलो करून तिचा जीव विटला होता.

"साहेब, हे कोन्तीच भाषा नाई," ती म्हणाली. "या पत्रातली मराठी नुसती दिसाले मराठी हाये. आतून इंग्रजीची अक्षरं हायेत, ती वाचून राह्यला तो. मले काय समजन?"

साहेबांची मान जागीच थांबली. चंद्रपूरहून प्रोग्राम विकायला आलेल्या बिलालने घाईघाईने दुसरी सीडी टाकली आणि साहेबांच्या कम्प्युटरवरचं तेच पत्र त्यात खऱ्या मराठी अक्षरांत फिरवून घेतलं.

हा मात्र खरंच मराठी वाचायचा. बोलणं जरा हिंदी वळणाचं होतं, म्हणजे अगदी इथल्यासारखं. खणखणीत आवाजात तो म्हणाला, "येथील माणसे व हवामान मला मानवत नसल्याने माझी बदली पुण्यास व्हावी, ही विनंती."

लालसू छताकडे बघू लागला. साहेबांना बदली हवी आहे, हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं. माणसांचं मात्र नवीन होतं. मल्लय्यांनी उठून पंखा वाढवला, तरी पत्र पुढे वाचलं जातच राहिलं.

"बंद करा," साहेब म्हणाले. "हा नको. हा सगळ्यांना समजतो. ऑफिसची गोपनीयता म्हणून काही आहे की नाही? पहिलाच घ्या. तो कुणालाच कळला नाही."

"मलेबी नाई कळला, साहेब," सत्यशीला म्हणाली.

"मग तर उत्तमच."

तिला रडू यायच्या आधी राग आला. तिने पिशवी चाचपून गाणी ऐकायचा हेडफोन काढला, त्याची वायर कम्प्युटरला खोचली, कानाला लावला आणि पत्र पहिल्यापासून चालू केलं.

सगळे ऐकत बसले. स्पीकरमधून काहीच येईना.

"हा कोणता?" साहेबांनी विचारलं.

"तिसरा," ती म्हणाली.

"साहेब, बाईच्या कानाले..." लालसूने तोंड उघडलं. मल्लय्यांनी टेबलाखालून त्याचा पाय दाबला. येथील माणसांपैकी तेही एक होते.

साहेबांनी स्पीकरला कान लावला. तिथे काही नाही म्हणजे नाही. "याला म्हणतात ऑफिसचा प्रोग्राम," ते म्हणाले आणि तिथल्या तिथे मंजुरी दिली. बिलालने दुसरी सीडी गुपचूप तिच्या टेबलावर ठेवली.

तेव्हापासून साहेब रोज सकाळी सत्यशीलाच्या टेबलाशी येत, वाकून स्पीकरला कान लावत आणि काही ऐकू आलं नाही की समाधानाने परत जात. तोवर हेडफोनमध्ये त्यांचा बदलीचा नवा अर्ज अर्धा वाचून झालेला असे.