चुलीमागची तीन फुलं

"ही लादी संध्याकाळपर्यंत फिरवा, नाहीतर मी फोडतो," नागरिक ओनोराने घण चुलीपाशी टेकवला आणि क्रांतिसरकारचं फर्मान वाचून दाखवलं. फ्रान्सच्या राजाचं डोकं जानेवारीत उडालं होतं. आता लोरेनमधल्या एकाही घरात राजाचं फूल दिसायला नको होतं.

बार्बच्या चुलीमागे धग धरून ठेवणारी बिडाची लादी उभी होती. तिच्यावर तीन ठसठशीत फुलं.

"फोडू नका, महाशय. दुसरी कुठून आणू? गावातलं सगळं लोखंड तोफांना गेलं. अख्खा हिवाळा काढायचाय."

"महाशय नाही, नागरिक. आणि 'तू' म्हणायचं, आता सगळे समान."

"फोडू नकोस... नागरिक." बार्बला ते म्हणताना घाम फुटला. तिची पंधरा वर्षांची ओदील फिस्सकन हसली.

"आणि राजाचं कशावरून?" ओदील म्हणाली. "हे आयरिस आहे! मे महिन्यात गिरणीच्या ओढ्याला नुसतं पिवळंधमक असतं. बकऱ्यासुद्धा तोंड लावत नाहीत. राजाने आमच्याकडूनच उचललं असणार."

"ओदील!"

"उचललं, निशाणावर लावलं, सहाशे वर्षं मिरवलं," ओनोरा म्हणाला. "आता ते तुमचं उरलं नाही, पोरी. पहार आण."

विस्तव बाजूला सारला. तिघांनी मिळून पहार लावली. राखेचा लोट उठला, ओनोराने डोळे गच्च मिटून जोर लावला आणि लादी फिरली. चुलीकडे आता नुसती खडबडीत पाठ होती.

लोरेनच्या घरांत लादीमागे भिंत नसतेच. तिथे आरपार भोक असतं आणि पलीकडे मागच्या खोलीतलं कपाट. चुलीची धग लादीतून तिकडे जाते. ओनोरा दक्षिणेचा, त्याला हे कुठून ठाऊक? दोन आठवड्यांपूर्वी याच घरात, मागच्या खोलीत मुक्कामाला उतरला तो, पण ते कपाट त्याने कधी उघडलं नव्हतं. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. ओदीलने ओठ दाताखाली धरला.

चूल पुन्हा पेटली. ओनोराने यादीतल्या बार्बच्या नावावर रेघ मारली, हात धुतले आणि आपल्या खोलीत गेला.

थोड्या वेळाने कपाटाचं दार करकरलं.

"संपलं," बार्ब पुटपुटली. तिने घण पायाने ढकलत ढकलत लाकडांच्या ढिगामागे नेला.

कुणीच बाहेर आलं नाही. मग ओदीलने सुपाचा वाडगा उचलला, एवढं निमित्त पुरे, आणि दार लोटलं.

कपाट सताड उघडं होतं. तीन काळीभोर फुलं चांगली तापली होती. ओनोराने खुर्ची त्यांच्यासमोर ओढली होती, बूट काढले होते आणि उघडे तळवे फुलांपुढे धरले होते.

"दार ओढून घे, पोरी," तो मागे न बघताच म्हणाला. "ऊब बाहेर जातेय."