फोडलेला ठराव

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी ठराव वाचला आणि मारुतीच्या मंडपातले सगळे हात एकदम वर गेले. ओढ्यापलीकडच्या धनगरवाड्यावरचा म्हातारा रायबा तर दोन्ही हात वर करून बसला. एक स्वतःचा आणि दुसरा, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, पावसाळाभर पलीकडंच अडकून पडणाऱ्या म्हशीचा.

ठराव असा होता: धनगरवाड्याच्या ओढ्यावर साकव बांधावा, आणि त्याला माजी सरपंच कै. आनंदराव यांचं नाव द्यावं.

पहिल्या ओळीत बसलेल्या सखूबाईंनी पदर सावरला. आनंदराव त्यांचे मालक. साकवाच्या पाठीला नाव बांधायची युक्ती त्यांचीच. कालच भाऊसाहेबांना घरी चहा पाजून त्यांनी ती गळी उतरवली होती. साकव नको कोण म्हणणार? आणि साकवाला हो म्हटलं की नावाला हो झालंच. हिशेब चोख होता. फक्त आताची सरपंच त्यांची सून अश्विनी आहे, ही गोष्ट त्यांनी जमेच्या बाजूला धरली होती.

अश्विनीनं हात मोजलेच नाहीत.

"भाऊसाहेब, हे दोन विषय आहेत. मागच्या सभेत ठरलंय, एका ठरावात एकच विषय. फोडा."

"मॅडम, सगळ्यांचे हात वर आहेत की. आता कशाला?"

"कशासाठी वर आहेत, ते कुठं कळतंय?"

मागं चुळबुळ झाली. आनंदरावांचा पुतण्या सोमनाथ खांबाला टेकून उभा होता. "वयनी, घरातलं नाव हाय. परक्याचं न्हाई."

"म्हणूनच म्हणते. उद्या कुणी म्हणायला नको, साकवाच्या आडोशानं आलं."

हे बोलताना तिनं सासूकडं बघायचं टाळलं. संध्याकाळी चुलीपुढं गाठ होतीच.

"हात खाली घ्या. आधी साकव."

पुन्हा सगळे हात वर.

"रायबाआबा, म्हशीचं मत धरता येत नाही."

"मग गाळा ते. पर साकव तिलाच जास्त लागतोय," रायबा म्हणाला आणि हशा पिकला.

"आता नाव."

हशा ओसरला. पहिला हात अश्विनीचाच वर गेला. मग सखूबाईंचा, मग भावकीतल्या लोकांचा. सखूबाईंनी मान वळवून मागं पाहिलं. धनगरवाड्यावरची माणसं हात मांडीवर ठेवून गप बसली होती. गावातल्याही कितीकांना नेमकी तेव्हाच आपली चप्पल आठवली होती, मोबाईल आठवला होता.

"बयाबाई," सोमनाथनं रायबाच्या बायकोला हटकलं. "साकव पदरात पडला, आता हात जड झाला व्हय?"

बयाबाई बसल्या जागेवरूनच बोलली.

"आनंदराव माणूस वाईट न्हवता. आमच्या लग्नाकार्याला आधी यायचा. पर साकव आमी त्याच्या वक्तापासनं मागतोय. त्यो दर बारीला ठरावात घालायचा बी. साकव आन गावची कमान. साकव आन हापिसाला फरशी. आमी साकवासाठी हात वर करायचो. कमान झाली, फरशी झाली. कमानीवर त्याचं नाव बी हाय."

तिनं लुगड्याचा काठ गुडघ्यावर नीट केला.

"वेल्ह्याच्या बाजारात मासळीचा वाटा मांडत्यात, तसलं व्हतं ते. वरच्या चांगल्यासाठी खालचं नरम झालेलं बी घ्यायचं. फोडून कुणी देत न्हाई. आज पयल्यांदा फोडून मिळालंय, तर नगं ते म्या तितंच ठिवते."

अश्विनीनं वर असलेले हात मोजले, मोठ्यानं, स्वतःच्या हातापासून सुरुवात करून. मग खाली असलेले मोजले. खालचे जास्त भरले.

"नावाचा ठराव नामंजूर."

भाऊसाहेबांचं पेन थबकलं. या गावात त्यांच्या पेनाला हा शब्द लिहायची सवय नव्हती. "असंच लिहू का?" त्यांनी विचारलं ते सरपंचांना, पण बघितलं सखूबाईंकडं.

"झालं तसं लिवा," सखूबाई म्हणाल्या. आवाज थोडा फाटला, पण शेवटच्या ओळीपर्यंत गेला. "आन माजा हात वर व्हता, ते बी लिवा."

सभा उठली. बाहेर भुरभुर चालूच होती, खाली ओढा गर्जत होता. चपला शोधता शोधता सोमनाथ चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काकी, सुनंनं सासऱ्याचं नाव वढ्यात बुडवलं."

सखूबाई पायरीवर थांबल्या.

"सोमा, तुजा चुलता हितं बोलाय उठला की लोकं हात आधी वर करायची आन ठराव मागनं ऐकायची. हात खाली ठिवायची छाती व्हती का कुणाची? तुजी व्हती?"

सोमनाथला चप्पल सापडली, पण त्यानं ती पायात घातली नाही.

"आज बया माज्या डोळ्यादेखत मांडीवर हात ठिवून बसली. आन का ठिवला ते बी सांगितलं. घाबरली न्हाई. कुणाच्या राज्यात, सांग की."

त्या पायरी उतरून चालू लागल्या. एवढ्यात अश्विनी मंडपातून बाहेर आली आणि नेहमीच्या सवयीनं, खाली मान घालून, सासूच्या दोन पावलं मागं चालू लागली.

सखूबाईंनी रस्ता सोडला. कडेच्या चिखलात उतरून त्या उभ्या राहिल्या.

"सरपंचबाई," त्या म्हणाल्या, "तुमी पुढं व्हा."