किल्लीवर चालू

सकाळी सहाला पिंपळवंडीच्या सोपान डोके यांची जुनी जीप अंगणातून गेल्याचं उघड झालं. इतकी वर्षं ती चालू करायला हँडल मारावं लागे आणि ते एकट्या सोपानला जमे, म्हणून चोरीची भीती नव्हती. कालच मंचरच्या मोहसीन मिस्त्रीने वायरिंग बदलून नवा स्टार्टर आणि किल्लीवर चालणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं होतं.

"जादा किल्ली तुझ्याकडं ठिवलीस ना?" सोपानने मोहसीनला फोनवर विचारलं.

"भाऊ, दोन्ही किल्ल्या वहिनींकडं दिल्यात. इचारा त्यांना."

"ती रानात गेलीया. तू विषय बदलू नको."

सोपानने पोलिसांत मोहसीनचं नाव दिलं.

दहाला पिंपरी पेंढारहून मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, ताई जीप चालवत आलीया. परत जाणार न्हाई म्हणती."

 

संध्याकाळपर्यंत सोपानने तक्रार मागे घेतलेली नव्हती.