रेवाचा पहिला फोटो

शाळेत आपला पहिला फोटो दाखवायचा होता, म्हणून रेवाने भिंतीवरची फ्रेम काढून आणली. आईच्या पोटात असतानाची तिची सोनोग्राफी. तिच्या बाबाच्या, तन्मयच्या, नव्या एआय चष्म्याला दिसेल ते चित्र वाचायची खोड होती. चष्मा मोठ्याने बोलला, "बाळ छान आहे. पण कोपऱ्यात आईच्या स्वादुपिंडाची नळी रुंदावलेली दिसतेय. खडा असेल, जुनी सूज असेल, नाहीतर गाठ. आईचा एमआरआय लगेच करून घ्या."

रेवाची आई, केतकी, त्या गाठीनेच गेली होती. रेवा तेव्हा जेमतेम चालायला लागली होती.

"बाबा, तेव्हा हे कुणालाच कसं दिसलं नाही?"

"आम्ही सगळे तुलाच बघत होतो गं," तन्मय बोलून गेला.

रेवाने फोटोतलं बाळ तळहाताने झाकलं आणि ती उरलेल्या कोपऱ्याकडे बघत राहिली.