पोचेपर्यंत

विमानाने मुंबईची जमीन सोडली, तेव्हा पुण्यात खराडीतल्या सातव्या मजल्यावर सुदर्शन दारात उभा राहून पोहे खात होता. संगणकाच्या पडद्यावर समुद्र वर आला, तिरका झाला, सरळ झाला.

“पट्टा बांधलास ना?” त्याने बायकोला विचारलं.

उत्कर्षा हसली नाही. हात लिव्हरवर, कानांवर हेडफोन. लहान खोलीतलं कपड्यांचं कपाट सरकवून तिने हे टेबल बसवलं होतं.

“फ्रँकफुर्टला कधी पोचणार?”

“दिवेलागणीला.”

“फास्ट करायचं बटण आहे म्हणालीस ना त्यात?”

“आहे.”

“मग?”

“मग काय? खऱ्या विमानात असतं का?”

सुदर्शनने बशी या हातातून त्या हातात घेतली. थोडे पोहे फरशीवर सांडले. “खरंच जायचं होतं तेव्हा गेली नाहीस. आता भिंतीकडे तोंड करून चाललीस. तेही दर रविवारी अर्ध्यातून परत.”

हॉलमध्ये वॉकर सरकल्याचा आवाज झाला. सुदर्शनने मान वळवून तिकडे पाहिलं. सुदर्शनच्या आईसाठी तो वॉकर घरात आला, त्याच आठवड्यात उत्कर्षाचा जर्मनीचा व्हिसा आला होता.

अर्ध्यातून परत, हे मात्र खरं होतं. कधी इराणच्या डोंगरांवर असताना गॅस संपायचा, कधी काळ्या समुद्रावर असताना शेजारच्या काकू यायच्या. आणि या खेळाचा नियम होता, हवेत थांबायचं नाही. जगभरातले हौशी लोक आपापल्या घरी बसून कंट्रोलर होत, रेडिओवर हाक देत. उत्तर आलं नाही की नकाशावरून तिचं विमान पुसलं जाई. फ्रँकफुर्टला ती एकदाही उतरली नव्हती.

“दुपारी हिंदुरावकाका येतायत, लग्नाची पत्रिका घेऊन,” सुदर्शन जाता जाता म्हणाला. “तेव्हा बाहेर यावं लागेल.”

थोड्या वेळाने वॉकर टेकत सोजरबाई आत आल्या, पलंगाच्या कडेला बसल्या. पडद्यावर खाली निळं पाणी, वर निळं आभाळ. काहीच घडत नव्हतं. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

“ह्यात मधी तू काय करतीस गं?”

“काही नाही, आई. विमान आपलं आपण चालतं. मी नुसती बसते.”

“आन त्या रेडिओवाल्यांनी हाक मारली तर?”

उत्कर्षाने एका कानावरचा हेडफोन सरकवला. “ते फक्त विचारतात, कुठवर आलीस. चहा टाक म्हणत नाहीत.”

सोजरबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मग पडद्याकडे बघतच म्हणाल्या, “म्हंजी दारं धरल्यावाणी हाय हे. उसाला पाणी द्यायचं, तवा वाफ्यात पाणी सोडायचं आन वाफा भरस्तवर खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून नुसतं उभं ऱ्हायचं. मला लई गोड वाटायचं ते. मधीच हललं तर पाणी वाया. म्हणून सासूबी हाक मारीत नव्हती.”

खिडकीबाहेर, त्या वाफ्यांच्या जागी, काचेच्या इमारती उन्हात लखलखत होत्या.

जाताना त्यांनी दार ओढून घेतलं.

बेल वाजली तेव्हा खाली तुर्कस्तान होतं. खेळ बंद करायला उत्कर्षाचा हात माउसकडे गेला. आता बाहेरून हाक येईल. तिने कान मोकळा केला.

“सूनबाई दिसत न्हाईत?” काकांचा आवाज आला.

“बाहीर गेलीय,” सोजरबाई म्हणाल्या.

“कुठं?”

“लांब. सांजच्याला पोचंल.”

“वैनी, आतनं तर इमानाचा आवाज येतुया.”

“मग? इमानानंच गेलीय.”

काका काय म्हणाले ते कळलं नाही. स्वयंपाकघरात भांडी वाजली.

“आई, साखर कुठंय?” सुदर्शनने विचारलं.

“तुझ्या नाकासमोर.”

उत्कर्षाने माउसवरचा हात काढून घेतला.

फ्रँकफुर्टला पाऊस होता. तिथे अजून दुपारच होती. ढगांतून धावपट्टी वर आली, ओली, दिव्यांची. चाकं टेकली. रेडिओवर कुणीतरी अनोळखी आवाजात स्वागत केलं. तिने एकेक इंजिन बंद केलं आणि हेडफोन काढून ठेवले.

दार उघडून ती बाहेर आली. पाहुणे गेले होते. हॉलमध्ये संध्याकाळ उतरत होती. तळव्याला काहीतरी टोचलं. सकाळचे पोहे, वाळून टणक झालेले. सोफ्यापाशी कढीपत्त्याचं पान, दारात चपलांची धूळ, पत्रिकेवरून घरंगळलेल्या अक्षता. पाहुण्यांसमोर घर असंच पडून होतं.

“आई, राधा आली नाही झाडायला?”

“आलती. मीच माघारी लावली.”

“का?”

“घरचं माणूस परगावी निघालं की ते पोचंस्तवर केर काढत न्हाईत.”

स्वयंपाकघरात सुदर्शन कपबश्या विसळत होता; नळ बंद झाला.

सोजरबाईंनी वॉकर बाजूला सारला आणि सोफ्यावर आपल्याशेजारी जागा केली.

“बस,” त्या म्हणाल्या. “लांबनं आलीस.”