उडत्या बसची पहिली फेरी

विमानं साफ करणाऱ्या बायकांना जव्हारहून रोज आणण्या-नेण्यासाठी विमानतळावरची अधिकारी नीलोफरने भांडून उडती बस मंजूर करून घेतली होती. आज पहिली फेरी. एरवी महिनामहिना विमानतळाजवळच्या खोलीत राहणारी जानकी भोये आज लेकीची वेणी घालून निघाली होती.

बस विमानतळावर उतरली, दार उघडलं. "सर्व प्रवाशांनी खाली उतरावं," बस म्हणाली.

कोणीच उतरलं नाही. बायका हातमोजे चढवून सीटजवळ उभ्या राहिल्या.

बस वेळेत रिकामी झाली नाही, तर योजना बंद होणार होती. नीलोफर धावत आत आली. "जानकीताई, का थांबलात सगळ्या?"

"प्रवासी उतरले की आमचं काम सुरू होतं, मॅडम."

"ताई, आज प्रवासी तुम्हीच आहात."

जानकीने सावकाश हातमोजे काढले आणि ती सगळ्यांच्या पुढे निघाली. उतरण्याआधी सीटचा खिसा मात्र तिने तपासलाच.